तुमचं तुमी पाहा

बाबाजींना मी पहिला प्रश्न विचारला तो रस्त्याचा. आरोग्य उपकेंद्रावर नर्स म्हणून रुजू व्हायचा माझा पहिला दिवस होता. पवनीहून आलेली बस मला फाट्यावर सोडून निघून गेली होती आणि समोर दोन रस्ते होते, दोन्ही सरळ, दोन्हींवर सारखंच ऊन. कडुनिंबाखाली एक म्हातारा अंबाडीचा दोर वळत बसला होता.

"बाबाजी, उपकेंद्राले कोणता रस्ता जाते?" मी विचारलं. मी एकोडीची, साकोलीकडची. नोकरीत शुद्ध बोलायचं ठरवलं तरी म्हाताऱ्या माणसासमोर घरचीच बोली तोंडात येते.

त्यांनी मान वर केली. माझी बॅग पाहिली, चपला पाहिल्या. मग पुन्हा दोराकडे बघत म्हणाले, "मी डाव्यानं जातो. तुमचं तुमी पाहा."

मी डाव्या रस्त्याने गेले. उपकेंद्र तिकडेच होतं. हा माणूस तुसडा आहे, एवढीच त्या दिवशी मनात नोंद झाली. त्या दिवशी त्यांनी मला जेवढं सांगितलं तेवढंही ते गावात कोणाला सांगत नसत, हे पुढे त्या गावात राहिले तेव्हा कळलं. मी बाहेरची होते म्हणून तेवढी सूट मिळाली असावी.

गाव पुनर्वसनाचं. वैनगंगेवरच्या धरणात जुनं गाव गेलं आणि माणसं या माळावर आणून बसवली. गल्ल्या पट्टीने आखल्यासारख्या, सात, आणि घरांना नंबर. जुन्या गावात भिंतीला भिंत लागून असलेल्या माणसांना इथे शेजारचे प्लॉट मिळालेच असं नाही. त्यामुळे गप्पा मारायला म्हणून लोक चार गल्ल्या ओलांडून जात. तुळशीराम नावाचे एक मासेमार होते, ते सातव्या गल्लीत राहत आणि रोज सकाळी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी घेऊन पहिल्या गल्लीत बाबाजींच्या घरापुढच्या छपरीत येऊन बसत. बोलायचे ते एकटेच. बाबाजी दोर वळत.

बाबाजी उंच होते, सुकलेल्या तुराटीसारखे. पांढरी बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, बंडीच्या खिशात चष्मा. तो चष्मा मी चारचौघांत त्यांच्या डोळ्यांवर कधी पाहिला नाही. पेपर वाचायचा तर ते घरात जाऊन दार लोटून घेत. बायको जुन्या गावातच वारली होती, एक मुलगी लाखांदूरकडे दिलेली. स्वतः भात शिजवत, स्वतः भांडी घासत. कोणाशी भांडण नाही, कोणाकडे येणंजाणं नाही. आणि कोणी काही विचारलं की एकच उत्तर. लहान माणसाला "तुह्यं तू पाह्य," मोठ्याला "तुमचं तुमी पाहा."

गंमत अशी की गाव त्यांना विचारायचं थांबत नव्हतं. सातवी शिकलेला त्या पिढीतला तो एकटा माणूस. शिवाय जे सल्ला देत नाहीत त्यांच्याच सल्ल्याला किंमत येते, असं मला त्या गावात दिसलं. बाबाजी बोलत नाहीत म्हटल्यावर लोकांनी ते काय करतात यावर लक्ष ठेवायला सुरुवात केली होती. बाबाजींनी नांगर काढला की गाव नांगर काढी. बाबाजींनी धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले की दुसऱ्या दिवशी भाताच्या सगळ्या बांध्यांत पऱ्हे. हे लक्षात आल्यावर बाबाजी सगळं शेवटी करू लागले. त्यांचा रोवणा, म्हणजे भातलावणी, गावात सगळ्यात उशिरा, त्यांचं धान सगळ्यात उशिरा पिवळं. शेतावर जाताना ते समोरच्या दाराने जात नसत. मागच्या सांदवाडीतून, कुंपणाच्या फटीतून, बैल पुढे घालून निघत. गावही काही कमी नव्हतं. ती फट कोणत्या घरातून दिसते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन भाऊ एकदा त्यांच्याकडे आले. बांधावरचं मोहाचं झाड तोडायचं की ठेवायचं, यावरून दोघांचं दोन वर्षं वाजत होतं. बाबाजींनी दोघांचं सगळं ऐकून घेतलं, चहा केला, दिला आणि म्हणाले, "झाला चहा? मंग जा." दोघे बाहेर आले. धाकटा म्हणाला, चहा दिला म्हणजे बाबाजीची हो आहे. थोरला म्हणाला, पण चहात साखर नव्हती. झाड मी गाव सोडलं तोवर उभं होतं.

ग्रामपंचायतीच्या रजिस्टरवर ते अंगठा देत. सचिव वैतागायचे. "बाबाजी, तुमाले तं सही येते नं जी?" बाबाजी निळा अंगठा धोतराला पुसत आणि चालू लागत.

ते असे का झाले, हे मला आशाताईंनी सांगितलं. आशाताई म्हणजे गावची आशा वर्कर, माझ्या कामातला उजवा हात. जुनं गाव उठायच्या आधी धरणाचे कागद आले होते. कागद वाचणारे बाबाजी. शाळेच्या मैदानात चिंचेखाली त्यांनी ते सगळ्यांना वाचून दाखवले. त्यांना वाटलं, कागदात लिहिल्याप्रमाणे खालची शेतं जातील, वरच्या बांध्या राहतील. ते म्हणाले, "मी वाचलं. बरोबर हाय. करा सह्या." लोकांनी केल्या. ज्यांना येत नव्हती त्यांचे अंगठे बाबाजींनी स्वतः धरून लावले. दोन वर्षांनी पाणी चढलं ते वरच्या बांध्यांवरही चढलं.

"मग लोक त्यांना बोलले?" मी विचारलं.

"कोनीच नाई बोललं, मॅडम," आशाताई म्हणाल्या. "कोनी बोललं असतं तं बरं झालं असतं."

आशाताईंचा स्वतःचा सासराही त्या अंगठ्यांतला एक.

मग साथ आली. पहिल्या वर्षी ती आमच्या गावाला बाहेरूनच पाहून गेली. नागपूर-पुण्याहून पोरं पायी परत आली, शाळेत चौदा दिवस राहिली, घरी गेली. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मात्र घराघरात खोकला होता. कोणी नाव घेत नव्हतं. "टायफाइड हाय," म्हणत. तपासायला गेलं की दार बंद, माणूस शेतावर. लस आली त्याच वेळी. तिच्याविषयीच्या बातम्या तिच्या आधी पोचल्या होत्या. कोणी म्हणे दोन वर्षांनी माणूस मरतो. कोणी म्हणे शेजारच्या गावात एक जण सुई घेतल्यावर तिसऱ्या दिवशी गेला. तो खरोखर गेला होता. त्याला आधीपासून हृदयाचा आजार होता, पण हे सांगायला गेलं की लोक हसत.

पहिल्या शिबिराला आमची गाडी गावात शिरली आणि गाव रिकामं झालं. शाळेच्या व्हरांड्यात मी, आशाताई आणि लशीचा निळा डबा. दुपारी एक म्हैस येऊन बघून गेली.

प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर तरुण होते, नगरकडचे. त्यांना कोणीतरी बाबाजींबद्दल सांगितलं. ते मला म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला आधी टोचू. तो बसला की गाव बसेल." आम्ही दोघे छपरीत गेलो. तुळशीराम तिथेच होते, ते उठून भिंतीला टेकले.

डॉक्टरांनी नीट समजावलं. आवाज चढवला नाही, घाई केली नाही. बाबाजी ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "मी घेतली तं गाव घेईन?"

"तेच तर हवंय, आजोबा."

"आन् कोनाले काही झालं तं?"

डॉक्टर म्हणाले, "खोटं सांगत नाही. ताप येतो. क्वचित एखाद्याला जास्त त्रास होतो."

"तो एखादा माह्या गावचा असला तं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, तुमी बदलीवर जासान," बाबाजी म्हणाले. "त्याच्या घरासमोरून रोज मले जा लागन."

डॉक्टर उठले. गाडीकडे जाताना मला म्हणाले, "म्हातारा मूर्ख नाही. तेच अवघड आहे."

मी यादी पुरी करायला मागे थांबले. तुळशीराम पुन्हा खाली बसले, पुडी उघडली, अर्धा खर्रा मित्राच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "का गा, मी घेऊ का मंग?"

तुळशीराम साठीचे असतील. अंगाने भक्कम, पण बिडीने छाती पोखरलेली. त्यांनी प्रश्न थट्टेत विचारला होता असं वरून वाटत होतं. मी बाबाजींकडे पाहिलं. दोराचा पीळ त्यांच्या बोटांत थांबला होता. मग बोटं पुन्हा फिरू लागली.

"तुह्यं तू पाह्य," ते म्हणाले.

तुळशीराम माझ्याकडे बघून हसले. "पाहा मॅडम! याले विचारनं म्हंजे तलावाले विचारनं हाय."

"तुळशीरामजी, मी सांगते नं. उद्या या. तुमच्या छातीला तर आधी पाहिजे."

"उद्या डोंगा काढाचा हाय पाण्यात. ताप आला तं मासे कोन धरन? राहू द्या. दोन दिवस पाहू."

त्यानंतर वीस-बावीस दिवसांनी अनुसयाबाई, तुळशीरामांची बायको, उपकेंद्राच्या दारात उभ्या राहिल्या. धावत आल्या होत्या. मी गेले तेव्हा तुळशीराम खाटेवर उठून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं तर आकडा ऐंशीच्या खाली. मला वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून माझ्या बोटाला लावून पाहिलं. बिघडलं नव्हतं.

"दम नाई लागत जी मले," ते म्हणाले. एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात जायला ते तयार नव्हते. तिथे गेलेला माणूस प्लास्टिकमध्ये बांधून परत देतात, असं गावात पक्कं झालं होतं. अनुसयाबाई ओरडल्या, रडल्या, मग त्यांनी शर्ट आणून अंगात चढवला. गाडी आली. सातव्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबाला धरून बाबाजी उभे होते. कोणी बोलावलं नव्हतं, आणि ते जवळही आले नाहीत. तुळशीरामांनी तोंडावरच्या मास्कसकट मान वळवली, त्यांना पाहिलं आणि हात वर केला. बाबाजींचा हात खांबावरून सुटला नाही.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. शरीर गावात आणता आलं नाही.

त्यानंतर छपरीत दोर वळणारा माणूस दिसेनासा झाला. दार लोटलेलं, चुलीचा धूर मात्र निघायचा, म्हणून आशाताई काळजी करत नव्हत्या. मी दोनदा हाक मारली. "हाव, हाय," एवढं आतून आलं.

अनुसयाबाई रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या तेव्हा बराच वेळ बाकावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, एका पुडीतून खर्रा खाल्ला दोघायनं, सारी जिंदगी. एक शब्द सांगतला असता तं काय गेलं असतं त्यायचं?"

मी गोळ्या कशा घ्यायच्या ते पुन्हा समजावून सांगितलं.

पुढची दोन शिबिरंही रिकामी गेली. त्यानंतरच्या शिबिराच्या दिवशी मी व्हरांड्यात टेबल मांडत होते तेव्हा बाबाजी आले. धुतलेलं धोतर, धुतलेली बंडी. फाटकातून आले, सरळ रस्त्याच्या मधून चालत. खुर्चीवर बसले आणि बंडीची बाही वर केली.

मी त्यांना सांगितलं ते असं. लशीची एक कुपी उघडली की तिच्यात दहा जणांचे डोस असतात. उघडल्यापासून चार तासांत ते संपवावे लागतात, नाहीतर फेकून द्यावे लागतात. वरून आदेश होता, पुरेशी माणसं जमल्याशिवाय कुपी फोडायची नाही. लस आधीच कमी येत होती.

"म्हंजे अजून नऊ पायजेत," ते म्हणाले.

"हो."

"बसतो मंग."

ते बसले. सकाळी दहापासून. शाळेच्या कुंपणापलीकडे हळूहळू पाच-सहा माणसं जमली, तोंडाला दुपट्टे बांधून. आत कोणी येईना. आशाताई बाहेर जाऊन हात जोडून आल्या. तुझं आधी होऊ दे, तुझं आधी होऊ दे, असं एकमेकांना म्हणत ती माणसं उभी राहिली. बारा वाजले, दोन वाजले. मी डबा उघडून बर्फ पाहिला. बाबाजींनी पाणी घेतलं, जेवणाचा डबा घेतला नाही.

साडेतीनला ते म्हणाले, "बाई, माह्यासाठी फोडली तं नऊ फेका लागतीन?"

"कोणी आलं नाही तर, हो."

"मंग राहू द्या. नऊ जनाईचं कायले फेकता. उद्या येतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या मनात आलं, हा माणूस आज पहिल्या गल्लीपासून इथवर रस्त्याच्या मधून चालत आला आहे. उद्या येईलच असं नाही. नोकरीला मला दोन वर्षं झाली नव्हती आणि नोकरी कंत्राटी होती. मी कुपी काढली, तारीख पाहिली, झाकण उडवलं. आशाताईंनी तोंडावर हात ठेवला.

सुई काढल्यावर बाबाजींनी दंडाकडे पाहिलं. "झालं?"

"झालं."

"येवढंच?"

अर्धा तास बसून राहायचं असतं. त्यांनी खुर्ची उचलून कुंपणाकडे तोंड करून ठेवली आणि त्या पाच-सहा माणसांकडे बघत बसले. ती माणसं त्यांच्याकडे बघत होती. वेळ झाल्यावर त्यांनी रजिस्टरवर अंगठा दिला आणि गेले.

मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं.

"नऊ डोस?" ते म्हणाले. "लेखी खुलासा द्यावा लागेल तुम्हाला."

"देते, सर."

"आणि उद्या परत लावा शिबिर. मी डबा पाठवतो."

खुलासा मी दिला, तो कुठल्यातरी फाइलमध्ये असेल. पुढचंही इथेच सांगून टाकते. बाबाजी त्यानंतर घरोघर हिंडून लोकांना समजावू लागले, असं काही झालं नाही. तसं लिहिलं तर ते खोटं होईल. भाषण दिलं नाही, फोटो काढू दिला नाही. जिल्ह्याहून एक साहेब त्यांचा सत्कार करायला आले तेव्हा ते मागच्या फटीतून शेतावर निघून गेले. पण दर शिबिराला ते येत आणि दिवसभर बसत. अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन टोचायचं होतं तेव्हा आमच्या आधी जाऊन त्या त्या दारात उभे राहत. दारात उभे राहिले की आतली माणसं दार उघडत. माझी बदली मोहाडी तालुक्यात आंधळगावकडे झाली तेव्हा ते गावात होते आणि त्यांचं धान अजून उभं होतं.

पण तो दुसरा दिवस सांगायचा राहिला.

सकाळी नऊला मी त्यांना पाहायला गेले. दार उघडं, खाट रिकामी, गोधडी घामाने ओली. तेवढ्यात आशाताई पळत आल्या. "मॅडम, बाबाजी चौकात हँडपंपावर दाढी करून राह्यले!"

खरंच करत होते. आरसा पंपाच्या दांड्याला अडकवलेला. हनुवटीवर दोन ठिकाणी कापून रक्त आलं होतं. आजूबाजूच्या घरांची दारं एकेक वीत उघडी होती. मी मनगट धरलं तर चटका बसला.

"बाबाजी, अंगात ताप आहे. गोळी घ्या आणि घरी जाऊन पडा."

"पडलो तं म्हनतीन गेला," ते म्हणाले आणि गालावर वस्तरा फिरवला.

गोळी घेतली. तोंड धुतलं. मग ते पहिल्या गल्लीतून निघाले. दुसरी, तिसरी, चौथी. कुठे थांबले नाहीत, कोणाला हाक मारली नाही. मधूनमधून भिंतीला हात टेकत. मी थोडं अंतर ठेवून मागे होते. इतकी वर्षं हा माणूस गावाने पाहू नये म्हणून कुंपणाच्या फटीतून ये-जा करत होता, हे मला तेव्हा आठवलं. सहाव्या गल्लीत एका म्हातारीने विचारलं, "बरे हाव का जी, बाबाजी?"

"ताप हाय," ते म्हणाले. "उतरन."

सातव्या गल्लीत अनुसयाबाई अंगणात शेळ्यांना पाला टाकत होत्या. बाबाजी त्या घरासमोरून गेले. त्यांनी मान वर केली नाही. अनुसयाबाईंनी केली.

शाळेत येऊन ते कालच्याच खुर्चीवर बसले. तासाभराने कुंपणापाशी कालच्यापेक्षा जास्त माणसं होती. मग ती माणसं बाजूला झाली आणि मधून अनुसयाबाई आत आल्या. टेबलाकडे आल्या नाहीत, आधी खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण कुंपणापर्यंत सगळं शांत होतं. "त्यायनं इचारलं होतं तुमाले. मले घरी येऊन सांगतलं त्यायनं. तवा काहून नाई बोलले?"

बाबाजी उठून उभे राहिले. उभं राहायला त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. मला वाटलं, आता ते धरण सांगतील, कागद सांगतील, अंगठे सांगतील.

"चुकलं माह्यं," ते म्हणाले.

"हाव," अनुसयाबाई म्हणाल्या. "चुकलं."

त्या आणखी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग वळून टेबलापाशी आल्या, बसल्या आणि पदर बाजूला करून दंड पुढे केला. मी कुपी फोडली. त्यांचं होईपर्यंत कुंपणाच्या फाटकातून दोघे आत आले होते, मग त्यांच्यामागे एक बाई. आशाताईंनी वही उघडली.

थांबायला एकच बाक होता. अनुसयाबाई त्याच्या एका टोकाला बसल्या. बाबाजी खुर्चीवरून उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. मधे दोन माणसांची जागा होती. दोघे समोरच्या मैदानाकडे बघत होते. काही वेळाने अनुसयाबाईंनी त्यांचं कपाळ पाहिलं असावं, कारण त्यांनी आपली पाण्याची बाटली बाकावरून त्यांच्याकडे सरकवली. बाबाजी प्याले.

मग त्या उठल्या. "जातो मी मॅडम. शेळ्या सोडल्या हायेत."

मी कोणाच्या तरी दंडात सुई धरून होते, मला लगेच बोलता आलं नाही.

"बसा अनुसयाबाई," बाबाजी म्हणाले. "अर्धा घंटा नाई झाला."

आशाताईंचं पेन थांबलं. रांगेतला एक माणूस वळून बघू लागला. अनुसयाबाई उभ्याच होत्या, हात पदरावर. मग त्या परत बसल्या.

मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. अजून सात मिनिटं बाकी होती.